हवेची सुनावणी आणि आमची गैरहजेरी

९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेबाबत एक महत्त्वाचा आदेश दिला. मुंबईच्या प्रदूषित हवेची दखल न्यायालयाने २०२३ मध्येच स्वतःहून घेतली होती. त्याच याचिकेत न्यायालयाने राज्य सरकारला सांगितले की, पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बाद करून फक्त सीएनजी आणि विजेवरची वाहने ठेवता येतील काय, याचा अभ्यास करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमा. एरवी न्यायालयाच्या आदेशावर वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्या सरकारने या वेळी मात्र चपळाई दाखवली. त्याच महिन्यात सात जणांची समिती नेमली गेली. निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव हे अध्यक्ष आणि अहवालाला मुदत तीन महिने.

या समितीत कोण होते, हे आमच्या वाचकांनी नीट पाहावे. परिवहन आयुक्त होते. मुंबई वाहतूक पोलिसांचे सहआयुक्त होते. महानगर गॅस कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. महावितरणचे अधिकारी होते. मोटारी बनविणाऱ्या कारखानदारांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष होते आणि सदस्य सचिव म्हणून सहपरिवहन आयुक्त होते. म्हणजे गॅस विकणारा होता, वीज विकणारा होता, नवी गाडी विकणारा होता आणि दंडाची पावती फाडणाऱ्या खात्याचे अधिकारीही होते. नव्हता तो फक्त ज्याची जुनी गाडी जाणार तो माणूस. आणि नव्हती ती बाई, जी महामार्गाच्या कडेला खोलीत राहून त्या गाड्यांचा धूर चोवीस तास गिळते. समितीला आणखी तज्ज्ञ घेण्याची मुभा होती. पण धूर गिळण्याचा तीस वर्षांचा अनुभव हा आपल्या देशात तज्ज्ञपणाचा पुरावा मानला जात नाही.

आज ना उद्या मुंबईच्या नकाशावर एक रेषा ओढली जाणार आहे. जगातल्या अनेक मोठ्या शहरांत ती ओढली गेली आहे. शहराचा काही भाग 'कमी उत्सर्जन क्षेत्र' म्हणून जाहीर करायचा, त्यात जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांना बंदी घालायची किंवा त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, अशी ही योजना असते. ती रेषा कोठून जाईल, कोणाच्या गाडीला आत घेईल, कोणाच्या घराला बाहेर ठेवील, हे ठरण्याआधी आपण बोलणार की ठरल्यानंतर बोंब मारणार, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम आमची भूमिका स्वच्छ सांगतो. हवा शुद्ध करण्याच्या कोणत्याही प्रामाणिक योजनेला आमचा विरोध नाही. असण्याचे कारणच नाही. मुंबईत सर्वांत वाईट हवा कोणाच्या वाट्याला आली आहे? तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतल्या माहुलला कोणाला नेऊन टाकले? २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाडा भागातल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. त्यानंतरही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीच्या कडेची कुटुंबे उचलून तिथेच पाठवली गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, या लोकांवर तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडे द्या. देवनारचा कचऱ्याचा डोंगर कोणाच्या दारात आहे? घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर पूर्व द्रुतगती महामार्गाला खेटून आहे. ११ जुलै १९९७ रोजी त्याच ठिकाणी आमच्या माणसांनी गोळ्या झेलल्या, आणि त्याच महामार्गाचा धूर ती वस्ती रोज झेलते. पहाटे रस्ता झाडणारा सफाई कामगार कोणत्या समाजाचा आहे, हे मुंबईत कोणाला सांगावे लागत नाही. वातानुकूलित गाडीच्या काचा वर करून बसलेल्या माणसापेक्षा शुद्ध हवेची गरज आम्हाला अधिक आहे.

मग आमच्या वस्तीत पर्यावरणाचे नाव काढले की माणसे कपाळाला आठ्या का घालतात? त्यालाही इतिहास आहे. १९९७ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि पुढच्या काही वर्षांत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. झाडे वाचविण्याची बाजू मांडायला नामवंत वकील होते, झोपडीची बाजू मांडायला सुरुवातीला कोणी नव्हते. तेव्हापासून गरिबाच्या मनात बसले आहे की, पर्यावरण म्हणजे बुलडोझर. हा समज पूर्ण खरा नाही, पण तो अनुभवातून आलेला आहे. नुसती व्याख्याने देऊन तो पुसला जाणार नाही.

गेल्या वर्षी एका वस्तीत कायदेविषयक माहितीच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बैठक संपल्यावर एक टेम्पोवाले बंधू थांबले. म्हणाले, "जयभीम, वकीलसाहेब. माझा टेम्पो २०१२ सालचा. हप्ते आत्ता कुठे फिटलेत. ही बंदी आली तर मी काय विकू?" आम्ही त्यांना काही सांगणार तोच त्यांची मुलगी आली. आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या हातात दम्याचा पंप होता. बापाने खिशातून रुमाल काढून तिचे तोंड पुसले आणि आम्हाला म्हणाले, "हिचं थंडीत फार वाढतं."

आम्ही त्या रात्री घरी येईपर्यंत याच गोष्टीचा विचार करीत होतो. एकाच घरात टेम्पोची चावी आहे आणि दम्याचा पंपही आहे. जो केवळ टेम्पोचा कैवार घेऊन 'बंदी हटवा' म्हणतो, तो त्या मुलीचा विचार करीत नाही. जो केवळ हवेचे आकडे दाखवून 'जुन्या गाड्या भंगारात काढा' म्हणतो, तो त्या मुलीच्या पोटाचा विचार करीत नाही. दोन्हींचा विचार करायचा तर त्या बापाला विचारावेच लागेल. लोकांचे म्हणणे ऐकणे म्हणजे उपकार नव्हे. ते केले नाही तर निर्णय चुकतो.

याचे जगातले ठळक उदाहरण लंडनचे आहे. आमच्या बाबासाहेबांनी ज्या शहरात अर्थशास्त्र आणि कायदा शिकला, त्या शहरात ८ एप्रिल २०१९ पासून मध्यवर्ती भागात अतिकमी उत्सर्जन क्षेत्र लागू झाले. ठरावीक मानकात न बसणारी गाडी आत आणली की दिवसाला साडेबारा पौंड भरायचे. पेट्रोलची गाडी साधारण २००५ नंतरची असली तर चालते, डिझेलची साधारण २०१५ नंतरची लागते. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी हे क्षेत्र उत्तर आणि दक्षिण वर्तुळाकार रस्त्यांपर्यंत वाढले आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी ते सगळ्या लंडनला लागू झाले.

यामागे एका मुलीचा मृत्यू आहे. एला अडू-किसी-डेब्रा ही कृष्णवर्णीय मुलगी दक्षिण वर्तुळाकार रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होती. तिला तीव्र दमा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये नवव्या वर्षी ती गेली. आधीच्या चौकशीत हवेचे नावही आले नाही. तिची आई रोझमंड हिने हार मानली नाही. उच्च न्यायालयाकडून जुना निष्कर्ष रद्द करून घेतला, नवी चौकशी मिळवली, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी निष्कर्ष दिला की, हवेतले प्रदूषण हे एलाच्या मृत्यूचे एक कारण आहे. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अशी नोंद त्यापूर्वी झालेली नव्हती. एका आईने ती करून घेतली.

आता नकाशावरच्या रेषेचा खेळ पाहा. २०२१ मध्ये क्षेत्र वाढले तेव्हा दक्षिण वर्तुळाकार रस्ता हीच त्याची हद्द ठरली, आणि तो रस्ता स्वतः क्षेत्राच्या बाहेर राहिला. ज्या रस्त्याच्या धुराने एला गेली, त्याच रस्त्यावर जुनी गाडी आणखी जवळपास दोन वर्षे फुकट धावू शकत होती. मुंबईत उद्या फोर्ट, नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाभोवती अशी रेषा ओढली, तर बाहेर अडवलेले जुने ट्रक आणि टेम्पो कोठे उभे राहतील? मानखुर्दला, वाशी नाक्याला, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर. श्रीमंताच्या दारातला धूर उचलून गरिबाच्या दारात ठेवायचा आणि त्याला हवा शुद्धीकरण म्हणायचे, हे होऊ शकते. म्हणून रेषा कोठे ओढायची हा अभियंत्याचा प्रश्न नाही, तो न्यायाचा प्रश्न आहे.

सगळ्या लंडनला क्षेत्र लागू करण्यापूर्वी तेथील प्रशासनाने मे ते जुलै २०२२ या काळात, म्हणजे दहा आठवडे, लोकांचे म्हणणे मागवले. ५७ हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यात बहुसंख्य लोकांनी विस्ताराला विरोध केला. तरीही महापौर सादिक खान यांनी विस्तार केलाच. मग विचारले कशाला, असा प्रश्न तिथेही उठला आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, हरकती मागवणे म्हणजे मतदान घेणे नव्हे. डोकी मोजून निर्णय घ्यायचे ठरले तर अल्पसंख्याकाचा हक्क कधीच सुरक्षित राहणार नाही, हे आम्हाला इतर कोणापेक्षा चांगले ठाऊक आहे. एलासारख्या मुलांची संख्या मोटारवाल्यांपेक्षा नेहमीच कमी भरणार. परंतु हरकत मांडली की तिचे उत्तर देणे सत्तेला भाग पडते. हरकतींच्या रेट्याने योजना बदलते, सुधारते.

लंडनमध्ये तेच झाले. जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये ११ कोटी पौंडांची मदत योजना सुरू झाली, पण मोटारींच्या बाबतीत ती मुख्यतः ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्या गरिबांपुरतीच होती. ज्यांना भत्ता नाही आणि नवी गाडी घेण्याची ऐपतही नाही, असे कष्टकरी मधल्या मध्ये अडकले. ओरड वाढली. जुलै २०२३ मध्ये अक्सब्रिज येथील पोटनिवडणुकीत महापौरांचा पक्ष ४९५ मतांनी हरला आणि त्याचे खापर या योजनेवर फुटले. ऑगस्टमध्ये मदतीची रक्कम १६ कोटी पौंड झाली आणि जुनी गाडी असलेल्या प्रत्येक लंडनवासीयाला ती खुली झाली. मोटारीला दोन हजार पौंडांपर्यंत मदत मिळाली. हे शहाणपण आधी सुचले असते तर निम्मा विरोध उरलाच नसता.

पाच स्थानिक परिषदा या विस्ताराविरुद्ध न्यायालयात गेल्या. मदत योजनेबाबत लोकांना पुरेशी माहिती न देता म्हणणे मागवले, हाही त्यांचा एक मुद्दा होता. २८ जुलै २०२३ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. विचारणा फार खोलात जाऊन झाली नव्हती, पण ती बेकायदा नव्हती, असा निर्वाळा न्यायमूर्तींनी दिला. आम्हाला निकालापेक्षा यात महत्त्वाचे वाटते ते हे की, लोकांना नीट विचारले की नाही, हा प्रश्न तिथे न्यायालयात तपासला जातो आणि त्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत.

या कसोट्या १९८५ मधल्या एका खटल्यातून आल्या. लंडनच्या ब्रेंट भागातील शाळा बंद करण्याचा तो वाद होता. कसोट्या चार आहेत. पहिली, निर्णय कच्चा असतानाच लोकांना विचारा, पक्का झाल्यावर नव्हे. दुसरी, लोकांना विचारपूर्वक उत्तर देता येईल इतकी कारणे आणि माहिती द्या. तिसरी, पुरेसा वेळ द्या. चौथी, आलेले म्हणणे प्रामाणिकपणे लक्षात घेऊन मगच निर्णय करा. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगे परिषदेच्या खटल्यात याच कसोट्यांवर शिक्कामोर्तब केले. तो खटलाही गरिबांच्या कर-सवलतीचा होता. परिषदेने लोकांना एकच पर्याय दाखवला, दुसरे पर्यायही होते हे सांगितले नाही, म्हणून ती विचारणा बेकायदा ठरली.

आता आमच्या कायद्याकडे वळू. शुद्ध हवा हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात सांगितले आहे. पण हवा शुद्ध करण्यासाठी रस्ता बंद करताना विचारायचे कोणाला? मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११५ राज्य सरकारला अधिकार देते की, सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी एखाद्या भागात एखाद्या प्रकारच्या वाहनांना राजपत्रात अधिसूचना काढून बंदी घालता येईल. त्याच कायद्याखाली साधा नियम करायचा तर कलम २१२ प्रमाणे मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. पण कलम ११५ ची अधिसूचना काढताना हरकती ऐकण्याचे बंधन त्या कलमात लिहिलेले नाही. विकास आराखडा करायचा तर नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात. कारखान्याला पर्यावरण मंजुरी द्यायची तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अनेक प्रकारच्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. लाखो लोकांच्या रोजीरोटीचे वाहन बंद करायला मात्र एक कागद पुरतो. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ठरवले की, कायद्याचा मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. पण ते केंद्राचे धोरण आहे, आणि धोरण म्हणजे हक्क नव्हे.

हा धोका कल्पनेतला नाही. मुंबईत शीव-माहीमच्या पुढे रिक्षा चालत नाही. पूर्व मुक्त मार्ग आमच्या वस्त्यांच्या डोक्यावरून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. सागरी किनारा मार्ग जनतेच्या पैशातून झाला, त्यावरही दुचाकी नाही, तीनचाकी नाही. प्रत्येक बंदीला सुरक्षिततेचे काही ना काही कारण दाखवता येते. पण मोटार सोडून बाकीच्यांनाच दर वेळी बाजूला काढले जाते, हा योगायोग समजायचा काय?

दिल्लीचे उदाहरण तर ताजे आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचे नाही, असा फतवा निघाला. मोटारवाल्या मध्यमवर्गाने आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच तो स्थगित झाला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित झाले. एका वर्षात इतक्या कोलांट्या का माराव्या लागल्या? कारण गाडीचे वय मोजायचे की धूर मोजायचे, हा साधा प्रश्न लोकांसमोर आधी मांडलाच नाही. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांचा आवाज पोहोचतो, त्यांच्यासाठी आदेश तीन दिवसांत थांबतो. आमच्या झोपडीसाठी तो कधी थांबला होता?

आता थोडे कटू बोलतो. सरकारला दोष देऊन झाला, आता स्वतःकडे पाहू.

काही वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातील एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला आम्ही हजर होतो. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण नावाने काही बदलत नाही. सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला. दारावर ओळखपत्र दाखवून नोंद केल्याशिवाय आत सोडत नव्हते. कित्येक शे पानांचा इंग्रजी अहवाल टेबलावर एकच प्रत, आणि मराठीत चार पानांचा गोषवारा. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी अर्ध्या दिवसाचा खाडा करून आल्या होत्या. त्यांनी उभे राहून विचारले, "साहेब, याचा धूर आमच्या घरात येणार का?" साहेब म्हणाले, "ते अहवालात आहे." मावशी खाली बसल्या. नंतर माहितीच्या अधिकारात आम्ही इतिवृत्ताची प्रत मागवली. त्यात लिहिले होते, 'स्थानिकांनी काही सूचना केल्या.' मावशींचा प्रश्न कोठेही नव्हता.

हे झाले त्यांचे पाप. आमचे पाप असे की, त्या सभागृहात आमच्या वस्तीतून मावशींखेरीज चारच माणसे होती. लेखी हरकत एकाचीही नव्हती. मावशींनी तोच प्रश्न कागदावर लिहून, पोच घेऊन दिला असता, तर तो इतिवृत्तातून गाळता आला नसता आणि गाळला असता तर आम्हाला न्यायालयात दाखवायला पुरावा मिळाला असता. ते त्यांना सांगण्याचे काम आमच्यासारख्या शिकलेल्यांचे होते, आणि आम्ही ते वेळेत केले नाही. मोर्चा म्हटले की आमचा समाज लाखांनी रस्त्यावर येतो, याचा आम्हाला अभिमान आहे. पण 'हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत सादर कराव्यात' ही चौकट वर्तमानपत्रात आली की आम्ही पान उलटतो.

बाबासाहेबांनी पान उलटले नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर अस्पृश्यांचे म्हणणे मांडायला ते गेले. तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, मागे पक्ष नव्हता, पैसा नव्हता. लेखी निवेदन तयार केले आणि तोंडी साक्ष दिली. १९२८ मध्ये सगळा देश सायमन आयोगाला परत जा म्हणत असताना बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन त्यांनी आयोगाला दिले आणि स्वतः साक्षीला उभे राहिले. शिव्या खाल्ल्या. पण आमची मागणी सरकारी कागदावर नोंदली गेली आणि तिथून ती गोलमेज परिषदेपर्यंत गेली. महाडचेही तेच. चवदार तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता, पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी. आणि सत्याग्रहानंतर जो दावा सुरू झाला, तो बाबासाहेबांनी दहा वर्षे लढवला, १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत. रस्त्यावरची लढाई आणि कागदावरची लढाई अशी फारकत त्यांनी कधी केली नाही. ती आम्ही केली.

लंडनच्याच एका घराची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या किंग हेन्रीज रोडवरील घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतले. तिथे स्मारक-संग्रहालय करण्यास शेजारच्या काही रहिवाशांनी हरकत घेतली, आणि स्थानिक परिषदेने राहती जागा कमी होते म्हणून परवानगी नाकारली. प्रकरण जाहीर चौकशीपर्यंत गेले. दोन्ही बाजूंनी म्हणणे मांडले, आणि मार्च २०२० मध्ये तेथील मंत्र्यांनी कारणे देऊन स्मारकाला परवानगी दिली. आमच्या बाजूने कोणी कागद घेऊन उभे राहिले नसते, तर शेजाऱ्यांच्या हरकतीच शेवटचा शब्द ठरल्या असत्या. आज ते घरही त्याच कमी उत्सर्जन क्षेत्राच्या हद्दीत आहे.

तेव्हा मुंबईत, पुण्यात किंवा कोणत्याही शहरात ही रेषा ओढण्याची वेळ येईल, तेव्हा आमच्या समाजाच्या हरकती काय असाव्यात, याचा कच्चा मसुदा आम्ही मांडतो. वाचकांनी त्यात भर घालावी.

एक, अधिसूचनेपूर्वी मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा आणि किमान साठ दिवसांची मुदत द्यावी. कलम ११५ मध्ये बंधन नसले तरी बंदीही नाही. दोन, सुनावणी वस्तीत, समाजमंदिरात किंवा पालिका शाळेत, संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी आणि तोंडी म्हणणेही शब्दशः नोंदवावे. तीन, रेषेच्या आत काय सुधारेल याबरोबरच रेषेच्या बाहेरच्या रस्त्यांवर काय बिघडेल, याची मोजणी आधी करावी, आणि हवा मोजण्याची यंत्रे आमच्या वस्त्यांत बसवावीत. चार, वयाऐवजी धुराची कसोटी लावावी. पाच, ज्याची रोजी एका वाहनावर आहे त्याला नवे वाहन घेण्यासाठी आधी मदत आणि नंतर बंदी, हा क्रम असावा. लंडनने सुरुवातीला अपुरी मदत ठेवून पस्तावा केला. मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सी बहुतांश सीएनजीवर कधीच गेल्या आहेत, तेव्हा खरा प्रश्न मालवाहू टेम्पो आणि जुन्या दुचाकींचा आहे. सहा, आधी बस द्या. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आहे. गाडी बंद आणि बस महाग, हे धोरण पर्यावरणाचे नव्हे, शिक्षेचे आहे. आणि सात, समितीत सफाई कामगार, वाहनचालक व वस्तीतील महिला यांचे प्रतिनिधी असावेत. मोटार कारखानदारांना खुर्ची मिळते, तर फुप्फुसांनाही एक खुर्ची मिळाली पाहिजे.

यावर काही मित्र म्हणतील, वकीलसाहेब, हरकती दिल्या तरी ते ऐकणार थोडेच? कदाचित ऐकणार नाहीत. पण न दिलेली हरकत कोणतेच न्यायालय ऐकत नाही, हे आम्ही धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. उच्च न्यायालयात उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती काय?' त्या वेळी हातात पोच असलेला एक कागद लागतो. नसला की मान खाली घालावी लागते.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या तरुण-तरुणींना आमची विनंती आहे. बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास काढा. एक टेबल, दोन पेनं आणि कोरे कागद ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्या टेम्पोवाल्या बंधूंचे लिहा आणि त्यांच्या मुलीच्या दम्याचेही लिहा. एकाच कागदावर दोन्ही लिहा, कारण दोन्ही एकाच घरातले आहे. रस्ता झाडणाऱ्यांचे लिहा, हातगाडीवाल्यांचे लिहा, त्या मावशींचा राहून गेलेला प्रश्न लिहा. खाली सही किंवा अंगठा घ्या, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर पोच घ्या. कायद्याची भाषा लागली तर आम्ही आणि आमचे वकील मित्र आहोत. सुनावणीची नोटीस येण्याची वाट पाहू नका. कागद तयार असला म्हणजे नोटीस कधीही येऊ द्या.

जय भीम!